उंची ८०.४ की ८२.३? लहान मुलांची उंची, वजन, दंडघेर मोजताना नेमकं कुठे चुकतं

बीट_मानखुर्द
नमस्कार. एक अडचण मांडते. मुलगा, वय पूर्ण २३ महिने. अंगणवाडीत उभं करून घेतलेली उंची ८०.४ सेंमी. त्याच आठवड्यातल्या आरोग्य तपासणीत झोपवून घेतलेली लांबी ८२.३. वजन दोन्हीकडे ९.९ किलो, त्यात वाद नाही. पहिला आकडा धरला तर मूल खुजं ठरतं, दुसरा धरला तर नाही. हे एकाच मुलाचं नाही. बीटमधल्या (माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) बऱ्याच नोंदींत १ ते २ सेंमीचं अंतर निघतं आणि खापर सेविकेवर फुटतं. कुठला आकडा धरायचा आणि फरक येतो कुठून, हे जाणकारांनी सांगावं.

काटेकोर
ताई, या १.९ सेंमीचे दोन तुकडे करा.

पहिला तुकडा ०.७ सेंमीचा. ती चूक नव्हे, पद्धतीतला फरक आहे. तेच मूल आडवं मोजलं की उभ्यापेक्षा जरा जास्त भरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांत हा फरक ०.७ धरलेला आहे. नियम असा: २ वर्षं पूर्ण होईपर्यंत आडवी लांबी, त्यानंतर उभी उंची. २ वर्षांखालचं मूल काही केल्या आडवं पडत नसेल तर उभं मोजा आणि ०.७ मिळवा. २ वर्षांवरचं मूल उभं राहू शकत नसेल तर आडवं मोजा आणि ०.७ वजा करा.

आता तुमचाच आकडा बघा. ८०.४ अधिक ०.७ म्हणजे ८१.१. पूर्ण २३ महिन्यांच्या मुलग्यासाठी उणे २ एसडीची रेषा (एसडी म्हणजे प्रमाण विचलन; मध्यापासून दोन एसडी खालची रेषा, तिच्याखालचं मूल खुजं) ८१.० वर आहे. सेविकेचं माप जसंच्या तसं ठेवलं तरी मूल रेषेच्या वर येतं. उभी उंची लांबीच्या रकान्यात गेली म्हणून ते खुजं दिसलं. कुणावर खापर फोडण्याआधी एवढं तरी तपासायलाच हवं.

दुसरा तुकडा उरलेल्या १.२ सेंमीचा. ही मात्र मोजणीतली चूक, आणि ती अंगणवाडीत झाली की तपासणीत, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही. दोन्हींची सरासरी काढू नका, पुन्हा मोजा. ज्या अभ्यासातून ही मानकं तयार झाली (१९९७ ते २००३, सहा देश, भारतातलं केंद्र दिल्ली) त्यात प्रत्येक मूल दोन जणींनी स्वतंत्रपणे, एकमेकींचा आकडा न बघता मोजलं होतं. लांबी किंवा उंचीत ७ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर दोघींनीही परत मोजायचं. वजनासाठी ही मर्यादा १०० ग्रॅम, डोक्याच्या आणि दंडाच्या घेरासाठी ५ मिमी. बीटमध्ये हीच मोजपट्टी लावा.

सेविका_धारावी
०.७ चं प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण मिळवायचे कधी आणि वजा कधी यात गोंधळ व्हायचा. आता उलगडलं. इन्फंटोमीटरवर (आडवी लांबी मोजायचा बोर्ड) झोपवून घेताना मूल इतकं हातपाय झाडतं की आकडा वाचेपर्यंत पाटी सरकलेली असते. खोली १० बाय १०, मदतनीस एकच, आणि तीही खिचडीच्या कामात. अशा वेळी कसं करावं?

काटेकोर
ताई, लांबी एकटीने घेताच येत नाही. मदतनीस मोकळी नसेल तर आईला हाताशी घ्या, पण दोघी हव्यातच.

इन्फंटोमीटर जमिनीवर ठेवा. टेबल डुगडुगतं आणि मूल घसरायची भीती असते. बोर्डवर पातळ फडकं चालेल, गोधडी नको. केसात क्लिप, शेंडी, टोपी असेल तर आधी काढा. बूट-मोजे काढा. लंगोट जाड असेल तर तोही काढा, कारण त्याने कंबर उचलली जाते आणि पाय सरळ होत नाहीत.

आई किंवा मदतनीस डोक्याच्या पाटीमागे गुडघ्यांवर बसते. दोन्ही तळव्यांत मुलाचं डोकं, कानांवर हात, टाळू पाटीला पक्का टेकलेला. मुलाची नजर सरळ वर छताकडे. हनुवटी छातीकडे झुकली किंवा मागे गेली की तिथेच अर्धा सेंमी जातो. सेविका बाजूला, जिथून पट्टी समोर दिसते तिथे. ती आधी बघते की मूल बोर्डच्या मधोमध सरळ आहे, खांदे आणि नितंब टेकलेले आहेत, अंग तिरकं नाही. मग डावा हात नडग्यांवर किंवा गुडघ्यांवर ठेवून हलकेच दाबते आणि उजव्या हाताने पायाची पाटी सरकवते. दोन्ही टाचा पाटीला लागलेल्या, पायाची बोटं वर. तळव्याला पाटीचा स्पर्श झाला की मूल बोटं आखडतं. त्यामुळे पाटी दाबल्या दाबल्या आकडा मोठ्याने बोला, पाटी सोडल्यावर नको.

आकडा १ मिमीपर्यंत वाचायचा, म्हणजे शेवटची पूर्ण झालेली रेघ. ७९.४ आणि ७९.५ च्या मध्ये असेल तर ७९.४.

आणखी एक. आकडा सांगताना 'एकोणऐंशी' म्हणू नका. गोंगाटात लिहिणारीला एकोणसाठ किंवा एकोणनव्वद ऐकू जातं. हिंदीत उनासी-नवासीचा तोच घोळ. 'सात, नऊ, पॉइंट, चार' असं एकेक अंक बोला. लिहिणारीने तो परत म्हणायचा आणि मगच मूल सोडायचं.

क्रम म्हणाल तर आधी वजन, मग दंडघेर, शेवटी लांबी. झोपवलं की मूल रडतं, आणि रडत्या मुलाचं वजन आणि दंड दोन्ही अवघड होतात.

बालरोग_परळ
काटेकोर यांनी सगळं नेमकं लिहिलं आहे. त्यात चुकीची *दिशा* जोडतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

गुडघे वाकलेले राहिले की लांबी कमी येते. लांबी कमी आली की वयानुसार उंचीत मूल खुजं दिसतं, पण लांबीनुसार वजनात तेच मूल *जास्त* भरलेलं दिसतं. म्हणजे एकाच चुकीने खुजी मुलं वाढतात आणि कृश (लांबीच्या मानाने वजन कमी असलेली) मुलं लपतात. ७० ते ८० सेंमीच्या टप्प्यात दर सेंमीमागे अपेक्षित वजन सुमारे २०० ग्रॅमने वाढतं, आणि खालच्या बाजूला एका एसडीचं अंतर ६०० ते ७०० ग्रॅमच्या आसपास असतं. लांबीत १ सेंमी चूक म्हणजे लांबीनुसार वजनाच्या झेड स्कोअरमध्ये (मूल मध्यापासून किती एसडी दूर आहे तो आकडा) पाव ते ०.३ चा फरक. उणे ३ च्या अगदी जवळ असलेलं मूल एवढ्याने सॅमच्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांच्या, यादीत येतं किंवा यादीतून सुटतं. उपचार मिळणार की नाही हे त्यावर ठरतं, म्हणून इथे जरासुद्धा ढिलाई नको.

उभी उंची घेताना टाचा, पोटऱ्या, नितंब, खांदे आणि डोक्याची मागची बाजू पाट्याला लागलेली हवी. गुटगुटीत मुलांत सगळे भाग एका वेळी लागत नाहीत. तेव्हा अंग सरळ असणं महत्त्वाचं. कानाच्या छिद्रापासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची रेघ जमिनीला समांतर. वरची पाटी केस दाबून टाळूला टेकवायची. मदतनीस गुडघे आणि घोटे धरते, मोजणारी हनुवटी सांभाळते.

दुरुस्ती_कुर्ला
उपकरणांबद्दल लिहितो.

१) घडीचा स्टेडिओमीटर (उभी उंची मोजायचं उपकरण): तुकडे एकमेकांत बसवताना फट राहते. २-३ मिमीची फट असली तरी ती प्रत्येक मुलाच्या उंचीत चुकते, आणि एकाच दिशेने. जोडणीत धूळ, वाळू साचलेली असते. फडक्याने पुसा, तुकडे क्रमाने लावा, नखाने फट चाचपा.

२) भिंतीवर चिकटवलेली पट्टी: एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतींतल्या खोल्यांत भिंतीच्या पायथ्याला टाइल्सची पट्टी असते, ती भिंतीबाहेर येते. टाच त्या पट्टीला अडते, पाठ भिंतीला लागतच नाही, मूल मागे कलतं. शिवाय पट्टीचा शून्य जमिनीवर आहे का हे कुणी बघत नाही. दाराच्या चौकटीसारखी सपाट जागा शोधा किंवा पायथ्याची टाइल नसलेली भिंत.

३) लाकडी बोर्ड: पावसाळ्यात फुगतो, पायाची पाटी अडकते. ती जोर लावून ढकलली की एकदम पुढे जाऊन पायावर आदळते. मेण चोळा, बोर्ड भिंतीला लागून ओल येईल असा ठेवू नका.

तपासणी सोपी आहे. ॲल्युमिनियमचा सरळ पाइप सुमारे ६० सेंमीवर काटकोनात कापून घ्या, चांगल्या स्टीलच्या टेपने त्याची नेमकी लांबी मोजून पाइपवरच लिहून ठेवा. इन्फंटोमीटर आणि स्टेडिओमीटर दोन्हींत तो महिन्यातून एकदा लावा. २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर उपकरण बाजूला.

४) इलेक्ट्रॉनिक काटा: मुंबईत निम्म्या तक्रारी फरशीच्या असतात. शहाबादी उंचसखल, चारपैकी एक पाय अधांतरी. खाली जाड प्लायवूडचा सपाट तुकडा टाका, पण सतरंजी किंवा चटई कधीच नको. पावसाळ्यात बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज चढतो, आकडा थरथरतो. तो खरवडून साफ केल्याशिवाय नवी बॅटरी घालून उपयोग नाही. काटा भिंतीवर टांगू नका आणि पालथा ठेवू नका.

वजनाची खात्री करायला वैधमापन विभागाचा शिक्का असलेली लोखंडी वजनं, २, ५ आणि १० किलो. तिन्ही वजनं लावून बघा. काही काटे २ किलोला बरोबर असतात आणि १० ला २०० ग्रॅम कमी दाखवतात. एकाच वजनावर तपासलं तर हा दोष कळत नाही.

सेविका_धारावी
आमच्याकडे अजून तराजूसारखा टांगायचा काटाही वापरतात.

दुरुस्ती_कुर्ला
गोल तबकडीचा, २५ किलोचा असेल. त्यावर दर रेघ १०० ग्रॅमची. झोळी अडकवून मग स्क्रूने शून्य लावायचा. झोळी बदलली की परत शून्य. पत्र्याच्या खोलीत तुळई नसते म्हणून दोघी जणी काठी खांद्यावर घेतात, काठी हलते आणि काटाही हलतो. त्यापेक्षा दाराच्या चौकटीच्या वरच्या बाजूला पक्का हुक ठोका. तबकडी डोळ्यांच्या पातळीत. वरून किंवा खालून बघितलं की एक रेघ इकडेतिकडे होते. मुलाचे पाय जमिनीला किंवा भिंतीला लागता कामा नयेत.

काटेकोर
आई-मूल पद्धतीबद्दल एवढंच: आई काट्यावर उभी, तिचं वजन स्थिर झालं, शून्याचं बटण दाबलं, पडद्यावर ०.० *दिसलं*, मगच मूल हातात द्यायचं. घाईने मूल आधी दिलं तर सगळा हिशेब गडबडतो. आईच्या हातातली पर्स, मोबाइल आधीच बाजूला. मुलाच्या कमरेचा चांदीचा करदोडा, वाळे, ताईत काढता येत असतील तर काढा. काढायला घरच्यांचा नकार असेल तर जबरदस्ती करू नका, शेरा लिहा आणि पुढच्या महिन्यातही तसंच मोजा. नुकतंच २०० मिली दूध प्यायलेलं मूल २०० ग्रॅम जास्त भरणार, हे गृहीत धरून शक्यतो ठरावीक वेळ ठेवा.

पोषणदूत_मालवणी
मला वाटतं एवढा खटाटोप करण्यापेक्षा फक्त दंडघेर घ्यावा. पट्टी स्वस्त, एकटीला जमतं, लाल-पिवळा-हिरवा रंग बघून निर्णय. गल्लीत उभं राहून दिवसात पन्नास मुलं होतात.

बालरोग_परळ
गल्लीत शोध घ्यायला दंडघेर उत्तमच आहे, दादा. पण तो उंचीची जागा घेऊ शकत नाही. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ११.५ सेंमीपेक्षा कमी दंडघेर म्हणजे सॅम, ११.५ ते १२.४ मॅम (मध्यम कुपोषित). लांबी किंवा उंचीनुसार वजन उणे ३ एसडीच्या खाली, हा सॅमचा *स्वतंत्र* निकष. दोन्ही निकष बरीच वेगवेगळी मुलं पकडतात; दंडघेरात लहान वयाची मुलं जास्त सापडतात. एका निकषात बसलं तरी ते मूल सॅम. आणि खुजेपणा दंडघेरावरून कळतच नाही.

शिवाय दंडघेर दिसतो तितका सोपा नाही. डावा दंड, बाही पूर्ण काढून. वर गुंडाळलेली बाही दंड आवळते. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर मोजा, मध्यावर पेनने खूण करा. मग हात *सरळ, सैल* सोडून त्या खुणेवर पट्टी. नजरेने मध्य धरला की बहुतेक जण खाली, कोपराकडे सरकतात, तिथे दंड बारीक असतो. पट्टीखाली कातडी दबून वळी पडली तर घट्ट, फट दिसली तर सैल. वापरून वापरून पट्टी ताणते. स्टीलच्या फुटपट्टीला लावून १५ सेंमी बरोबर येतात का बघा, नसतील तर ती पट्टी टाकून द्या. शिंप्याची टेप वापरू नका.

आणि दोन्ही पावलांवर सूज बघायला विसरू नका. अंगठ्याने दोन्ही पावलं ३ सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर वजन आणि दंड काहीही असो, मूल सॅम. सुजेच्या पाण्याने वजन फुगलेलं असतं, त्यामुळे त्या मुलाचं उंचीनुसार वजन काढू नका, थेट डॉक्टरांकडे.

आकडेमोड
संख्याशास्त्राच्या बाजूने दोन मुद्दे.

पहिला: बऱ्याच जणांना वाटतं, कुणी जास्त मोजलं, कुणी कमी, शेवटी सगळं सारखं होतं. सरासरीत होईल, टक्केवारीत होत नाही. उंचीनुसार वजनाची खरी सरासरी उणे १ आणि एसडी १ असलेल्या वस्तीत उणे २ खाली १५.९ टक्के आणि उणे ३ खाली २.३ टक्के मुलं असतात. मोजणी इकडेतिकडे झाल्याने एसडी १.२ झाली, तर सरासरी तीच राहूनही उणे २ खाली २०.२ आणि उणे ३ खाली ४.८ टक्के दिसतात. तीव्र कुपोषित दुपटीहून जास्त! एकही मूल जास्त उपाशी नाही, आणि आकडा दुप्पट. म्हणून कुठल्याही सर्वेक्षणात टक्केवारीआधी एसडी बघा.

दुसरा: मोजणाऱ्याची परीक्षा. १० मुलं, प्रत्येक दोनदा, पहिला आकडा झाकून. समजा उंचीतले फरक असे आले (सेंमी): ०.२, ०.५, ०.१, ०.८, ०.३, ०, ०.४, १.२, ०.६, ०.३. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज ३.०८. ती मुलांच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे २० ने भागा: ०.१५४. वर्गमूळ ०.३९ सेंमी. हीच मोजणीतली तांत्रिक त्रुटी, टीईएम. १.२ वालं एक मूल वगळलं तर ती ०.३० वर येते. म्हणजे एका रडणाऱ्या मुलाची घाईने केलेली मोजणी सगळ्या गुणांवर पाणी टाकते. ०.८ आणि १.२ हे दोन्ही फरक ७ मिमीच्या मर्यादेबाहेर आहेत, ती मापं परत घ्यायला हवी होती.

बीट_मानखुर्द
हे सेविकांच्या मासिक बैठकीत करता येईल, कॅल्क्युलेटरवर जमेल. रजिस्टर बघून घरबसल्या काही ओळखता येतं का?

आकडेमोड
येतं, ताई. १०० नोंदी घ्या आणि दशांश अंक मोजा. नीट मोजलं असेल तर ० ते ९ प्रत्येक अंक साधारण १०-१० वेळा येतो, म्हणजे .० आणि .५ मिळून २० च्या आसपास. ते ५०-६० असतील तर आकडे वाचलेले नाहीत, अंदाजाने गोल केलेले आहेत. दुसरं, उंची कमी झालेली मुलं शोधा. मुलाची उंची घटत नाही, तेव्हा दोन्ही मापं एकाच पद्धतीची (दोन्ही आडवी किंवा दोन्ही उभी) असतील तर त्यातलं एक नक्की चुकलं आहे. तिसरं, दर महिन्याला वजन बरोबर २०० ग्रॅमने वाढतंय अशी सलग ओळ दिसली तर मागचा आकडा बघून पुढचा लिहिला गेलाय. मोजताना मागच्या महिन्याचं पान उघडं ठेवू नये. चौथं, ७८.५ चं ८७.५ झालंय का बघा. वयानुसार उंचीचा झेड उणे ६ च्या खाली किंवा अधिक ६ च्या वर, उंचीनुसार वजनाचा उणे ५ किंवा अधिक ५ च्या पलीकडे गेला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे तो आकडा अशक्य मानून बाजूला काढतात.

पोषणदूत_मालवणी
मग दर महिन्याला उंची घेऊन मूल वाढतंय की नाही हे कळतं का?

आकडेमोड
मोठ्या मुलांत नाही. ४ ते ५ वर्षांच्या दरम्यान मुलगा वर्षाला साधारण ६.७ सेंमी वाढतो, महिन्याला अर्ध्या सेंमीहून किंचित जास्त. टीईएम ०.४ असेल तर दोन मापांच्या वजाबाकीतली त्रुटी सुमारे ०.५७ होते. वाढ आणि चूक सारख्याच आकाराची! महिन्याची नोंद जरूर ठेवा, पण वाढ थांबली का हे निदान ३ महिन्यांच्या अंतराने करा. वजनाला हे लागू नाही, ते दर महिन्याला बघितलंच पाहिजे.

बालरोग_परळ
सगळे उंची-वजनावर बोलत आहेत, वयाचं राहिलं. पूर्ण १२ महिन्यांच्या मुलग्याची मध्य लांबी ७५.७ सेंमी, पूर्ण ११ महिन्यांच्या मुलग्याची ७४.५. एका महिन्यात १.२ सेंमी, आणि एसडी २.४. म्हणजे वयात एका महिन्याची चूक ही झेडमध्ये अर्ध्या एसडीची चूक. मोजणी कितीही अचूक असली तरी जन्मतारीख चुकली की वयानुसार उंची आणि वयानुसार वजन दोन्ही गेले. उंचीनुसार वजन मात्र बरंचसं वाचतं, कारण त्यात वय लागत नाही.

सेविका_धारावी
गावी जन्मलेल्या मुलांचे दाखले बऱ्याचदा नसतात. आई म्हणते, 'छठच्या आसपास झाला.' मग आम्ही १ तारीख टाकतो.

बालरोग_परळ
ताई, नेमकी तिथेच चूक साचते. जन्मतारखांच्या रकान्यात १ आणि १५ जास्त दिसल्या तर वय अंदाजे आहे हे समजा. आधी कागद: जन्मदाखला, नाही तर लसीकरणाचं कार्ड किंवा दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. कागदच नसेल तर सणांचं कॅलेंडर बनवा, मागच्या ५ वर्षांचं, इंग्रजी तारखांसह: गणपती, दिवाळी, छठ, ईद, होळी. ईद दरवर्षी १०-११ दिवसांनी आधी येते, त्यामुळे कुठल्या वर्षाची ईद हे नक्की करा. मग विचारा: सणाच्या आधी की नंतर, किती दिवसांनी, तेव्हा पाऊस होता का. अंदाजे तारखेला तशी खूण करा. पुढे दाखला मिळाला की वय बदला आणि मागचे स्कोअर परत काढा. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरायचं. २३ महिने २८ दिवस म्हणजे २३, २४ नव्हे.

बीट_मानखुर्द
हे शेवटचं वाक्य आमच्या मुलाला लागू पडतं! त्याला २४ पूर्ण व्हायला आता ९ दिवस उरलेत. पुन्हा मोजायचं ते आत्ता की नंतर?

काटेकोर
आत्ता, आडवं झोपवून, दोघींनी वेगवेगळं, पाइप लावून तपासलेल्या इन्फंटोमीटरवर. दोन मापांत ७ मिमीपर्यंत फरक असेल तर सरासरी नोंदवा. २४ पूर्ण झाल्यावर पुढचं माप उभं घ्या. ते आडव्यापेक्षा थोडं कमी भरेल, त्याला घट समजू नका. मुलग्यांसाठी २४ महिन्यांची उणे २ ची रेषा आडव्यासाठी ८१.७ आणि उभ्यासाठी ८१.० अशी वेगळीच आहे. नोंदीच्या बाजूला 'आडवी' की 'उभी' हे दर वेळी लिहा, पुढे मुख्यसेविका बदलली तरी वाचणारीला कळेल.